जन्मजात वाढलेले कोलेस्टेरॉल (एफएच): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात कुणाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक आला असेल, किंवा बारीक अंगकाठीच्या तरुण माणसाच्या रिपोर्टमध्ये एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) १९० च्या वर निघाले असेल, तर ही माहिती तुमच्यासाठी आहे. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया, म्हणजेच एफएच, हा आजार रक्ताच्या साध्या तपासणीत सापडतो. त्यावरची मुख्य गोळी, स्टॅटिन, तालुक्याच्या मेडिकलमध्येही मिळते. तरीही बहुतेकांना तो कळतो तो पहिल्या अटॅकनंतरच, आणि तोवर त्याच घरातली पुढची पिढी वाढत असते.

एफएच म्हणजे नेमके काय?

रक्तातले एलडीएल कोलेस्टेरॉल उचलून घेण्याचे काम मुख्यतः यकृत करते. त्यासाठी यकृताच्या पेशींवर एलडीएल रिसेप्टर नावाची प्रथिने असतात. एफएचमध्ये या यंत्रणेच्या एखाद्या जनुकात जन्मापासूनच बिघाड असतो. बहुतेक रुग्णांत तो एलडीएलआर या जनुकात सापडतो, काहींत एपीओबी किंवा पीसीएसके९ मध्ये. रिसेप्टर कमी पडले की एलडीएल रक्तातच फिरत राहते आणि हळूहळू धमन्यांच्या भिंतीत साचते.

सर्वसाधारण ‘वाढलेल्या कोलेस्टेरॉल’पेक्षा हे वेगळे ठरते ते कालावधीमुळे. इतरांचे एलडीएल चाळिशीनंतर वाढते, एफएच असलेल्यांच्या धमन्या पहिल्या वाढदिवसाआधीपासून जास्त एलडीएल सोसत असतात. युरोपातल्या तज्ज्ञांनी या साचत जाणाऱ्या भाराचा हिशेब मांडला आहे. निरोगी माणसात जो भार साधारण ५५ व्या वर्षी होतो, तो उपचार न घेतलेल्या एफएच रुग्णात ३५ व्या वर्षी होतो. दोन्ही पालकांकडून बिघाड आलेल्या मुलात तो साडेबाराव्या वर्षीच होतो. दहाव्या वर्षी कमी डोसची गोळी सुरू केली तर ३५ चे वय ५३ पर्यंत पुढे ढकलता येते. लवकर निदानाचा एवढा आग्रह का, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

हा आजार दुर्मीळ आहे का?

त्याचे दोन प्रकार आहेत आणि दोघांचे उत्तर वेगळे आहे.

एकाच पालकाकडून बिघाड आला तर त्याला हेटेरोझायगस एफएच म्हणतात. आपण पुढे त्याला एकेरी एफएच म्हणू. जगभरच्या अभ्यासांनुसार तो साधारण २५० ते ३०० जणांत एकाला असतो. म्हणजे हजारभर वस्तीच्या गावात तीन-चार जण. हा आजार मुळीच दुर्मीळ नाही, दुर्मीळ आहे ते त्याचे निदान.

दोन्ही पालकांकडून बिघाड आला तर होमोझायगस एफएच, म्हणजे दुहेरी एफएच. तो खरोखर दुर्मीळ आहे: अडीच ते साडेतीन लाखांत एक. मात्र जिथे नात्यात लग्ने होतात तिथे तो जास्त दिसतो.

एलडीएल किती असेल तर संशय घ्यावा?

प्रौढांत १९० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून जास्त, मुलांत १६० किंवा जास्त. पुढचे सगळे आकडे याच एककात आहेत. उपचार न घेता एलडीएल ४०० च्या वर असेल तर दुहेरी एफएचचा विचार झालाच पाहिजे.

रिपोर्टमध्ये ‘टोटल कोलेस्टेरॉल’ पाहून थांबू नका, एलडीएलची ओळ शोधा. ती नसेल तर घरी काढता येते: टोटलमधून एचडीएल वजा करा, मग ट्रायग्लिसराइडला ५ ने भागून तेही वजा करा. टोटल ३३०, एचडीएल ४५, ट्रायग्लिसराइड १२५ असेल तर ३३० वजा ४५ वजा २५, म्हणजे एलडीएल २६०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र चालत नाही. अशा वेळी उपाशीपोटी पुन्हा रक्त द्यावे किंवा लॅबला ‘डायरेक्ट एलडीएल’ करायला सांगावे. एरवी पहिल्या तपासणीसाठी उपाशी राहण्याची सक्ती नाही.

एलडीएल वाढण्याची दुसरी कारणेही असतात आणि ती आधी बाजूला काढावी लागतात. थायरॉइड कमी असणे हे सर्वांत नेहमीचे कारण. त्याखेरीज लघवीतून प्रथिने जाणारा मूत्रपिंडाचा आजार, पित्त अडकल्याने झालेली कावीळ, स्टेरॉइडसारखी काही औषधे आणि गर्भारपण. म्हणून टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), लघवीची तपासणी, क्रिएटिनिन आणि लिव्हर फंक्शन टेस्ट सोबतच करून घ्या. टीएसएच खूप वाढलेले असेल तर आधी थायरॉइडची गोळी लागू पडू द्या आणि मग लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, पुन्हा करा.

गोळी आधीच चालू आहे, रिपोर्टही ठीक आहे. मग एफएच कसे ओळखायचे?

इथेच सर्वाधिक रुग्ण निसटतात. ॲटोर्व्हास्टॅटिन हे स्टॅटिन ४० मिलिग्रॅम घेणाऱ्याचे एलडीएल १३० असेल तर रिपोर्टवर फारसे काही दिसत नाही. पण ती गोळी एलडीएल साधारण निम्मे करते, म्हणजे मूळचा आकडा २६० च्या आसपास असणार. त्यामुळे गोळी सुरू होण्यापूर्वीचा जुना रिपोर्ट शोधा. तोच खरा पुरावा.

दुसरी फसगत हार्ट अटॅकनंतर होते. अटॅक आल्यावर दिवसभरातच एलडीएल खाली उतरू लागते आणि काही आठवडे खालीच राहते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढलेल्या रक्तात ते १४० आले म्हणून ‘कोलेस्टेरॉलचा काही संबंध नाही’ असा निष्कर्ष काढू नये. पहिल्या चोवीस तासांतला आकडा धरावा, नाहीतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहावा.

अंगावर काही खुणा दिसतात का?

एकेरी एफएचमध्ये अनेकदा काहीच दिसत नाही. काही दुखत नाही, चक्कर येत नाही, वजनही वाढत नाही. दिसल्याच तर तीन ठिकाणी पाहा.

टाचेच्या वर, पोटरीकडे जाणारी जाड कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून वरून खाली चाचपा. ती जाडसर, खडबडीत किंवा गाठाळ लागली तर हे एफएचचे फार मोठे लक्षण आहे. मूठ वळल्यावर बोटांच्या सांध्यांमागे ताणलेल्या कंडरांवरही अशाच टणक गाठी येतात आणि बोट हलवले की त्या सोबत सरकतात. डोळ्याच्या बुबुळाभोवती राखाडी-पांढरी कडी म्हातारपणी अनेकांना येते, पण ४५ च्या आत आली तर तपासणी हवीच. पापण्यांवरचे पिवळे चट्टे मात्र एफएच नसलेल्यांतही आढळतात, त्यामुळे निव्वळ त्यांवरून काही ठरवता येत नाही.

मुलाच्या गुडघ्यांवर, कोपरांवर पिवळसर गाठी आल्या आहेत. चामखिळीच का?

ही जागा विशेष लक्ष देण्याची आहे. दुहेरी एफएच असलेल्या मुलांत पहिल्या दहा वर्षांतच, कधी तर दोन-तीन वर्षांच्या वयातही, त्वचेवर पिवळट-नारिंगी उंचवटे दिसू लागतात. गुडघे, कोपरे, ढुंगण, टाचेचा मागचा भाग या त्यांच्या ठरलेल्या जागा. हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या पडद्यासारख्या त्वचेत पिवळसर सुरकुतलेली चकती दिसली तर ती जवळपास दुहेरी एफएचचीच खूण समजावी. या गाठी खाजत नाहीत, दुखत नाहीत, म्हणून आईवडील सुरुवातीला काळजी करत नाहीत. नंतर चामखीळ समजून त्या जाळल्या किंवा कापल्या जातात, आणि काही महिन्यांत परत येतात.

अशा मुलाची लिपिड प्रोफाइल त्याच आठवड्यात करून घ्या. आकडा मोठा आला तर हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे टू-डी इको, लगेच हवी. या मुलांत हृदयाच्या धमन्यांबरोबरच महाधमनीच्या झडपेवर आणि तिच्या लगेच वरच्या भागातही कोलेस्टेरॉल साचून वाट अरुंद होते. उपचार न मिळाल्यास विशीच्या आत हृदयविकार ओढवतो.

मुलाचे एलडीएल खूप जास्त, गाठी आहेत, पण आई आणि वडील दोघांचेही एलडीएल अगदी नॉर्मल, असे निघाले तर सिटोस्टेरोलेमिया या वेगळ्या आजाराची तपासणी करायला सांगा. त्यात वनस्पतींमधले स्टेरॉल शरीरात साचतात. आहारातला बदल आणि इझेटिमाइब ही गोळी त्याला चांगली लागू पडते, आणि तो दुहेरी एफएच म्हणून सहज खपून जातो.

डॉक्टर निदान पक्के कसे करतात?

प्रौढांसाठी नेदरलँड्समध्ये तयार झालेली गुणपद्धत जगभर वापरतात. उपचारापूर्वीचे एलडीएल ३३० किंवा जास्त असेल तर ८ गुण, २५० ते ३२९ ला ५, १९० ते २४९ ला ३, १५५ ते १८९ ला १. कंडरेवर गाठी असतील तर ६, ४५ च्या आत बुबुळाची कडी असेल तर ४. रुग्णाला स्वतःला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर २, जवळच्या नातेवाइकाला झाला असेल तर १. कमी वय म्हणजे पुरुषांत ५५ च्या आत, बायकांत ६० च्या आत. जनुकीय चाचणीत बिघाड सापडला तर ८. प्रत्येक गटातला एकच, सर्वांत मोठा गुण धरायचा.

समजा, वय ३८, एलडीएल २६०, डोळ्यात कडी आणि वडिलांना ४८ व्या वर्षी अटॅक. ५ अधिक ४ अधिक १, म्हणजे १०. ८ पेक्षा जास्त गुण आले की एफएच निश्चित, ६ ते ८ दाट शक्यता, ३ ते ५ संभव.

ही पद्धत मुलांना लावायची नाही. आहार सांभाळूनही दोन वेळा एलडीएल १९० च्या वर आले, किंवा घराण्यात कमी वयातला हृदयविकार असून १६० च्या वर आले, किंवा पालकाची जनुकीय चाचणी पॉझिटिव्ह असून १३० च्या वर आले, तर मुलाला एफएच आहे असे धरतात.

जनुकीय चाचणी करावीच लागते का?

नाही. गुण आणि एलडीएल यांवर निदान होते आणि उपचार त्यावरच सुरू होतात, चाचणीसाठी गोळी थांबवून ठेवू नये. चाचणीचा खरा फायदा नातेवाइकांना होतो. एका माणसात नेमका बिघाड सापडला की बाकीच्यांची फक्त तेवढीच जागा तपासायची असते, आणि ते स्वस्त पडते. लहान मुलांत आकडा काठावर असेल तेव्हाही ती कामाची.

चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे सुटलो, असे नाही. लक्षणांवरून निश्चित वाटणाऱ्या रुग्णांतही काहींत बिघाड सापडत नाही. शिवाय ‘अनिश्चित अर्थाचा बदल’ असा शेरा कधीकधी येतो. त्यावरून नातेवाइकांना आजार आहे किंवा नाही असे सांगता येत नाही. आधी आणि नंतर जनुकीय समुपदेशकाशी बोलून घ्या.

घरात एकाला एफएच निघाले. आता कुणाकुणाची तपासणी करायची?

एफएचच्या बाबतीत सर्वांत मोलाचे काम हेच. एका रुग्णामागे घरातले आणखी काही जण हमखास सापडतात, आणि तेही धडधाकट अवस्थेत, उपचाराला भरपूर वेळ असताना.

आई, वडील, सख्खी भावंडे आणि मुले यांच्यात शक्यता प्रत्येकी ५० टक्के. काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा, पुतणे-भाचे यांच्यात २५ टक्के. चुलत, आते, मामे, मावस भावंडांत साडेबारा टक्के. आईवडिलांपैकी बिघाड कुणाकडून आला ते कळले की निम्मे घराणे यादीतून वगळता येते, म्हणून ते हयात असतील तर सुरुवात त्यांच्यापासून करा. ज्याला एफएच नाही असे ठरले त्याच्या मुलांना ते त्याच्याकडून जात नाही. मुलगा-मुलगी असा भेद यात नाही, आणि आजार एक पिढी गाळून पुढच्या पिढीत जात नाही. ‘एक पिढी सोडून आला’ असे वाटते तेव्हा मधल्या पिढीचे रक्तच कुणी तपासलेले नसते.

कागदावर घराण्याचा तक्ता काढा. प्रत्येकासमोर वय, आजवरचे सर्वांत जास्त एलडीएल, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असल्यास त्या वेळचे वय, आणि वारले असल्यास मृत्यूचे वय व कारण लिहा. ‘झोपेतच गेले’, ‘शेतात काम करता करता कोसळले’, ‘गॅसचा त्रास झाला आणि गेले’ अशा आठवणी ५५ च्या आतल्या वयाच्या असतील तर त्या हृदयविकाराच्या असू शकतात. त्याही टिपून ठेवा. सून होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुलींची नावे या तक्त्यातून हटकून गळतात. आत्यांना आणि बहिणींना वेगळे फोन करा.

नातेवाइकाला सांगताना ‘आपल्या घराण्यात जन्मतः कोलेस्टेरॉल जास्त असण्याचा आजार निघाला आहे, माझे एलडीएल २६० होते, तुम्ही एकदा लिपिड प्रोफाइल करून घ्या’ एवढे पुरते. रिपोर्टचा फोटो सोबत पाठवला तर त्यांच्या डॉक्टरांनाही संदर्भ मिळतो. लग्न जमण्याच्या वयातल्या मुलामुलींबद्दल घरात संकोच असतो. तो समजण्यासारखा आहे, पण त्यापायी तपासणी टाळली तर त्या मुलाचीच उपचाराची वर्षे वाया जातात.

नेदरलँड्सने १९९४ पासून अशी नातेवाइकांची तपासणी देशभर राबवली आणि हजारो माणसे शोधून काढली. स्लोव्हेनियात १९९५ पासून शाळेत जाण्याच्या आधीच मुलांचे कोलेस्टेरॉल तपासतात. भारतात कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये अठराव्या वर्षी पहिली लिपिड प्रोफाइल करण्याची शिफारस केली आहे, आणि घराण्यात एफएच किंवा कमी वयातला हृदयविकार असेल तर त्याही आधी.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची आमच्याकडे रीत आहे. त्याने धोका वाढतो का?

घराण्यात एफएच असेल तर हो. एखाद्या मुलाला एफएच त्याच्या आईच्या माहेरकडून आले असेल, तर सख्ख्या मामात ते असण्याची शक्यता ५० टक्के, आणि म्हणून मामाच्या मुलीत २५ टक्के असते. त्या दोघांतही एफएच असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दुहेरी एफएच होण्याची शक्यता २५ टक्के, एकेरी एफएचची ५० टक्के, आणि काहीच नसण्याची २५ टक्के.

लग्न ठरवण्यापूर्वी दोघांची लिपिड प्रोफाइल करणे हा सोपा मार्ग आहे. दोघांचेही एलडीएल १९० च्या वर असेल तर जनुकीय समुपदेशन घ्यावे. लग्न झालेले असेल तर गर्भधारणेपूर्वी घ्यावे.

एवढ्याशा मुलाला रोज गोळी द्यायची?

एकेरी एफएचमध्ये बहुतेक मार्गदर्शक सूचना आठ ते दहा वर्षांपासून कमी डोसचे स्टॅटिन सुचवतात. दुहेरी एफएचमध्ये निदान झाल्या दिवसापासूनच उपचार सुरू होतात. दहा वर्षांपुढच्या मुलांत एलडीएल १३५ च्या खाली आणणे हे नेहमीचे लक्ष्य, त्याहून लहानांत निम्म्यावर आणणे.

पालकांची भीती वाढीबद्दल आणि वयात येण्याबद्दल असते. नेदरलँड्समध्ये लहानपणी स्टॅटिन सुरू केलेल्या २१४ एफएच मुलांचा वीस वर्षे पाठपुरावा झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. ३९ व्या वर्षापर्यंत त्यांच्यात हृदयविकाराच्या घटना १ टक्का होत्या. त्याच वयापर्यंत त्यांच्या एफएच असलेल्या पालकांत, ज्यांना लहानपणी ही गोळी मिळालीच नव्हती, त्या २६ टक्के होत्या. पालकांपैकी ७ टक्के त्या वयाच्या आत हृदयविकाराने गेले होते. मुलांपैकी एकही नाही.

मुलाची उंची, वजन आणि यकृताच्या चाचण्या नियमित पाहायच्या. खेळ बंद करायचे नाहीत. दुहेरी एफएच असेल तर मात्र इको आणि हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतल्याशिवाय स्पर्धात्मक खेळ नकोत.

मी शाकाहारी, तूपही खात नाही. तरी एलडीएल २४० कसे?

कारण ते ताटातून आलेले नाही. एफएचमध्ये कडक पथ्याने एलडीएल फार तर दहा-पंधरा टक्के उतरते, म्हणजे २४० चे २१० होईल, ७० होणार नाही. ‘तूच खाण्यावर ताबा ठेवत नाहीस’ असे या रुग्णांना ऐकवू नका. ते चुकीचे आहे, आणि त्यापायी माणूस तपासणीलाच जात नाही.

पथ्य तरीही हवे, कारण त्यामुळे औषधाला मदत होते. वनस्पती तूप, आणि ते वापरून केलेली खारी, बटर, नानकटाई, फरसाण बंद. घरचे तूप दिवसाला एखादा चमचा. कोकणात आणि गोव्यात खोबरे सुटणे कठीण, पण खोबरेल तेल स्वयंपाकात वापरणे थांबवा आणि वाटणातले खोबरे निम्मे करा. विरघळणारा तंतू रोज ५ ते १० ग्रॅम पोटात गेला तर एलडीएल काही टक्के उतरते. त्यासाठी ओट्स, राजमा, चवळी, मसूर, पेरू, सफरचंद किंवा पाण्यात कालवलेला इसबगोल.

उपचार कोणते, आणि किती खाली आणायचे?

पाया स्टॅटिनचा: ॲटोर्व्हास्टॅटिन ४० ते ८० किंवा रोसुव्हास्टॅटिन २० ते ४० मिलिग्रॅम. एलडीएल त्याने साधारण निम्मे होते. आशियाई लोकांच्या रक्तात रोसुव्हास्टॅटिनची पातळी जास्त चढते, म्हणून ते ५ किंवा १० पासून सुरू करून वाढवत नेतात. डोस दुप्पट केला की एलडीएल आणखी सहाच टक्के उतरते, त्यामुळे डोस ताणत बसण्यापेक्षा इझेटिमाइब १० मिलिग्रॅम जोडणे फायद्याचे. त्याने आणखी १५ ते २० टक्के घट मिळते. बेम्पेडोइक ॲसिड १८० मिलिग्रॅम ही पुढची पायरी.

एफएच आहे पण हृदयविकार नाही आणि दुसरा मोठा धोकाही नाही, अशांचे लक्ष्य ७० च्या खाली. हृदयविकार झालेला असेल, किंवा मधुमेह, तंबाखू, रक्तदाब यांपैकी काही सोबत असेल, तर ५५ च्या खाली. दोन्हींत मूळ आकड्याच्या निम्म्याहून जास्त घट हवी. सुरुवात किंवा बदल केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त तपासा.

ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन जनऔषधी केंद्रांत अगदी कमी किमतीत मिळतात.

रिपोर्ट नॉर्मल आला. गोळी बंद करू?

नको. रिपोर्ट नॉर्मल आहे तो गोळीमुळे. ती थांबवली की काही आठवड्यांत एलडीएल मूळ जागी परतते, कारण जनुक तेच आहे. एफएच रुग्णांचे उपचार फसण्याचे हे फार मोठे कारण आहे. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका, नेहमीचीच एक घ्या.

स्टॅटिनने यकृत आणि स्नायू खराब होतात असे ऐकले आहे.

यकृताची गंभीर इजा फार क्वचित होते. एएलटी (यकृताच्या तपासणीतला एक आकडा) किंचित वाढलेले चालते, नॉर्मल मर्यादेच्या तिप्पट झाले तर डॉक्टर डोस बदलतात. रक्तातली साखर थोडी वाढू शकते, पण एफएचमध्ये हृदयाला होणारा फायदा त्याच्या कितीतरी पट आहे.

मांड्या, खांदे दुखल्यावर लोक गोळी सोडतात. २०२० साली निष्कर्ष आलेल्या एका ब्रिटिश चाचणीत त्रासाने स्टॅटिन सोडलेल्यांना काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी गोळी आणि काही महिने काहीच नाही, असे आलटून-पालटून दिले. खऱ्या गोळीवर जो त्रास नोंदवला गेला, त्याचा ९० टक्के भाग खोट्या गोळीवरही नोंदवला गेला. दुखणे खोटे नसते, पण दर वेळी ते गोळीचेच नसते. सीपीके (स्नायूंच्या इजेची रक्ततपासणी), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासा, डॉक्टरांच्या सल्ल्याने काही आठवडे थांबा, मग कमी डोस किंवा दुसरे स्टॅटिन घेऊन पाहा. तीव्र स्नायूदुखीसोबत लघवी चहासारखी काळपट झाली तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल, सायक्लोस्पोरिन, जेमफिब्रोझिल या औषधांशी काही स्टॅटिनचे जमत नाही. त्वचेच्या बुरशीसाठी इट्राकोनॅझोल सर्रास दिले जाते, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनाही स्टॅटिन चालू असल्याचे सांगा.

इंजेक्शन कुणाला लागते?

गोळ्या पूर्ण डोसमध्ये घेऊनही लक्ष्य गाठले जात नसेल तर. इव्होलोक्युमॅब १४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी, ॲलिरोक्युमॅबही दोन आठवड्यांनी. गोळ्यांवर आणखी सुमारे ६० टक्के घट मिळते. इन्क्लिसिरान पहिल्या दिवशी, तीन महिन्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी, त्याने सुमारे ५० टक्के. किंमत हीच यातली खरी अडचण.

इव्होलोक्युमॅबचे पेन २ ते ८ अंशांत, फ्रीजच्या खणात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, गरम पाण्यात धरू नका. पोटावर बेंबीपासून दोन इंच सोडून किंवा मांडीवर टोचा, दर वेळी जागा बदला. फ्रीजबाहेर ते खोक्यासह २५ अंशांपर्यंतच ३० दिवस टिकते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात खोलीचे तापमान त्याहून बरेच वर जाते, तेव्हा प्रवासात बर्फाची पिशवी आणि मध्ये कापडाचा थर हवाच.

लसूण, लिंबू, आले, ॲपल सायडर व्हिनेगरचा काढा?

एफएचमध्ये त्याने एलडीएलचे लक्ष्य गाठले जात नाही. स्वयंपाकात लसूण खुशाल खा. गोळी सोडून काढा घेणे धोक्याचे.

गर्भधारणा ठरवताना काय करावे?

आधी बोला, मग ठरवा. सर्वसाधारणपणे गर्भधारणेच्या एक ते तीन महिने आधी स्टॅटिन थांबवतात आणि अंगावर पाजणे संपल्यावर पुन्हा सुरू करतात. म्हणजे प्रत्येक बाळामागे दीड-दोन वर्षे बिनउपचाराची जातात, आणि वर्षानुवर्षे ‘प्रयत्न चालू आहेत’ म्हणून गोळी बंद राहिली तर ती तूट मोठी होते. गोळी चालू असताना दिवस राहिल्याचे कळले तर घाबरू नका, गोळी थांबवून डॉक्टरांना कळवा. तेवढ्यावरून गर्भपाताचा निर्णय घेऊ नये. या काळात लागलेच तर कोलेस्टिरामिनसारखी, आतड्यातच राहणारी औषधे वापरता येतात. दुहेरी एफएच किंवा आधीच हृदयविकार असलेल्या स्त्रीचा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञांनी मिळून घ्यायचा असतो.

दुहेरी एफएचमध्ये गोळ्या कमी का पडतात?

डॅलसमध्ये मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७० च्या दशकात एलडीएल रिसेप्टर शोधला तो दुहेरी एफएच रुग्णांच्या त्वचेच्या पेशी अभ्यासूनच. १९८५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. स्टॅटिन यकृतातले कोलेस्टेरॉल बनणे कमी करते, मग यकृत जास्त रिसेप्टर बाहेर काढते आणि रक्तातले एलडीएल ओढून घेते. रिसेप्टरच निकामी असतील तर या साखळीचा शेवटचा दुवा तुटलेला असतो. म्हणून या मुलांत स्टॅटिनने १० ते २५ टक्केच घट होते.

मग लिपोप्रोटीन अफेरेसिस: डायलिसिससारख्या यंत्रातून दर एक-दोन आठवड्यांनी रक्त फिरवून एलडीएल गाळून काढणे. ही सोय भारतात मोजक्या ठिकाणी आहे. तिच्याऐवजी प्लाझ्मा एक्स्चेंज केले जाते, त्यात एचडीएल आणि इतर उपयोगी प्रथिनेही निघून जातात. रिसेप्टरवर अवलंबून नसलेली औषधेही आली आहेत: शिरेतून दर महिन्याला दिले जाणारे इव्हिनाक्युमॅब एलडीएल जवळपास निम्मे करते, आणि लोमिटापाइडच्या गोळीबरोबर अतिशय कमी स्निग्ध आहार पाळावा लागतो. काही मुलांत यकृत प्रत्यारोपण हा पर्याय उरतो, कारण नव्या यकृतावर चांगले रिसेप्टर असतात.

आणखी कोणत्या तपासण्या?

लिपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच रक्तातला एक कण) आयुष्यात एकदा. तेही अनुवंशाने ठरते आणि ५० मिलिग्रॅमच्या वर असेल तर एफएचचा धोका आणखी वाढवते. साखर आणि रक्तदाब दरवर्षी. आणि सिगारेट, बिडी, गुटखा, मिश्री पूर्ण बंद: एफएच असलेल्याने तंबाखू चालू ठेवणे म्हणजे औषधाचा फायदा हातचा घालवणे.

छातीत दुखले तर?

एफएच असलेल्या माणसाचे वय पाहू नका. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, दम लागणे यांपैकी काही पाच-दहा मिनिटे राहिले तर ‘पित्त असेल’ म्हणत थांबू नका. १०८ ला फोन करा आणि ‘जन्मजात कोलेस्टेरॉलचा आजार आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

कुणाकडे जायचे आणि सोबत काय न्यायचे?

सुरुवात फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियनपासून, पुढे हृदयरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनोलॉजिस्ट, मुलांसाठी मोठ्या रुग्णालयातला बालरोग विभाग. गोळी सुरू होण्याआधीचा आणि ताजा असे दोन्ही लिपिड रिपोर्ट, टीएसएच, चालू गोळ्यांची पाकिटे, घराण्याचा तक्ता, आणि नातेवाइकांच्या अँजिओग्राफीचे कागद मिळाले तर तेही. डॉक्टर घाईत असतील तर एवढेच विचारा: ‘हे एफएच असू शकते का, आणि माझ्या मुलांची तपासणी कधी करायची?’